सेवा करताना नम्र राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? खानापूरकडच्या एका तरुणाला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या मंडळीच्या, युवा गटात तू घरभेटी आणि मदतवाटपाचं काम बघतोस. फादर दर उपवासकाळात सांगतात, नम्र व्हा. पण काम झालं की मनात फुशारकी येते, कुणी नाव घेतलं नाही की राग येतो, आणि जरा पडतं घेतलं की लोक डोक्यावर बसतात. त्यात आता गटात मराठीवाल्यांच्या घरी किती किट गेले आणि कन्नडवाल्यांच्या घरी किती, असा हिशेब सुरू झालाय. मग नम्रता, नम्रता म्हणतात ती करायची कशी?

मी नर्स होते, नोकरी सगळी बेळगावातच झाली. घरभेटीचं काम नोकरीत असल्यापासून करते, अजून चालू आहे. धर्मशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे ग्रीक-हिब्रू माझ्याकडून मिळणार नाही. शुभवर्तमानात वाचलं आणि लोकांच्या घरात पाहिलं, तेवढं सांगते.

सरळ उत्तर आधी. सेवा करताना सूत्रं कुणाच्या हातात आहेत, तेवढं बघ. काय द्यायचं, कधी जायचं, किती वेळ थांबायचं, कुठल्या भाषेत बोलायचं, हे सगळं देणाराच ठरवत असेल तर तो कितीही हात जोडून बोलो, त्याला मी नम्र म्हणणार नाही. आणि समोरच्याची गरज बघून जो आपला ठरलेला बेत मोडतो, तो मनातून थोडा फुगलेला असला तरी मला चालतो. फुशारकीचं एवढं मनावर घेऊ नकोस. ती येते, पुढच्या घरी कुणीतरी दारातच ‘आता कशाला आलात’ म्हणतं आणि ती उतरते. रोज रात्री ‘आज मी किती नम्र होतो’ हे तपासत बसणारा माणूस पुन्हा स्वतःभोवतीच घिरट्या घालतो.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची मठवासीयांसाठीची नियमावली आहे. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या दिल्यात, प्रवचनांत त्याच येतात. मला ३५वं प्रकरण जास्त कामाचं वाटतं. तिथं स्वयंपाकघराची पाळी लावून दिलीय. आठवडा संपला की पाळी संपवणाऱ्यानं हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, मग त्यानं आणि पाळी सुरू करणाऱ्यानं मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि वापरलेली भांडी स्वच्छ नि धडधाकट कोठावळ्याच्या हवाली करायची. मनात काय चाललंय ते तिथं कुणी विचारत नाही. भांडी परत आली का, एवढं विचारतात. तुमच्या गटाला अशीच पाळी लाव, सुरुवात तिथूनही होते.

आता पाय धुण्याचा प्रसंग. योहानाच्या तेराव्या अध्यायातला हा भाग तू दर पवित्र गुरुवारी बघतोस. वेदीपुढं बारा खुर्च्या, बारा जण घरूनच पाय घासून आलेले, काहींनी तर नवे मोजे घातलेले. फादर पाणी घालतात, पुसतात, झालं. हा विधी मिस्सेच्या आत आला तो १९५५ च्या सुधारणेनंतर, आणि बायकांचेही पाय धुवायला अधिकृत वाट २०१६ साली मोकळी झाली. विधी छानच आहे. पण वाचताना तिसरी ओवी लोक घाईत ओलांडतात. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलोय आणि देवाकडंच जातोय, हे येशूला पक्कं ठाऊक होतं, असं तिथं आधी लिहिलंय. त्यानंतर तो जेवणावरून उठतो, बाहेरचं वस्त्र उतरवतो, रुमाल कमरेला बांधतो. आपण कोण आहोत हे ज्याला नीट माहीत आहे, तो खाली बसला. ‘मी काय, मी कुठला, माझ्यासारख्या पाप्यानं...’ असं म्हणत तो बसलेला नाही.

पुढं पेत्र या शिष्याचं बघ. आधी म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. येशूनं समजावल्यावर लगेच दुसऱ्या टोकाला, मग हात आणि डोकंही धू. दोन्ही वेळा पेत्रच ठरवायला बघतोय. येशू म्हणतो, अंघोळ झालेल्याला पाय धुतले की पुरे. तू म्हणशील, इथं तर येशूनं समोरच्याचं ऐकलं नाही. बरोबर आहे. सूत्रं गरजेच्या हातात असावीत, लहरीच्या नाही. पण दहातल्या नऊ घरांत गरज कुठली हे घरच्यांनाच जास्त कळतं, आपल्याला फक्त कळल्यासारखं वाटतं. आणि त्या रांगेत येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही होता. तो बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यानंतर, घास घेऊन. ‘लायक’ कुटुंबांची यादी करायला बसाल तेव्हा हे आठवा.

खरे पाय कसे असतात ते सांगते. खानापूरकडच्या एका गावात एक आजोबा होते, जन्म कौलाच्या कारखान्यात गेलेला. शुगर जुनी. पाय इतके बधिर की चप्पल निसटून मागं राहिली तरी कळायचं नाही, तसेच अनवाणी पुढं चालायचे. आमच्या आधी एका गटानं त्यांना ब्लँकेट, फळांची करंडी आणि येशूचं कॅलेंडर दिलेलं. तिन्ही वस्तू कपाटावर तशाच. मी म्हटलं, पाय बघू. तर म्हणाले, “पाय नको बघू पोरी, घाण हाईत.” मी म्हटलं, बघायलाच आलेय. मग हळूच म्हणाले, नखं तेवढी कुणी काढून दिली असती तर बरं झालं असतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, सुनेला सांगायला लाज वाटत होती, मुलगा गोव्याला कामाला. गावात येऊन गेलेल्या एकाही गटाच्या यादीत नखं नव्हती.

अशा माणसाचे पाय धुवायचे तर पाणी कोमट हवं, आणि ते आपल्या कोपरानं बघायचं, त्याच्या पायानं नाही, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. पाय पाण्यात फार वेळ भिजत ठेवायचे नाहीत, कातडी मऊ पडून फाटते. साबण साधा. नंतर बोटांच्या बेचक्यांत मऊ फडकं फिरवून एकेक बेचकं कोरडं करायचं, घाण आणि बुरशी तिथंच साठते. टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं, पण बेचक्यांत नाही. तळवा उजेडात धरून बघायचा. घट्टे ब्लेडनं तासायचे नाहीत. जखम दिसली तर हळद-चुना काही न भरता त्याच दिवशी डॉक्टरकडं न्यायचं. आणि बधिर पायाची नखं तू कापायला जाऊ नकोस, एखादी नर्स बरोबर घे. घरच्यांना कानशीनं सरळ रेषेत घासायला शिकवलं तरी पुष्कळ झालं.

हे सगळं करायला जमिनीवर बसावं लागतं. खुर्चीवरून वाकून पाय धुता येत नाहीत, पाठ भरून येते आणि तळवा दिसतच नाही. खाली बसलं की वर बघून बोलावं लागतं, आणि म्हातारं माणूस अशा वेळी बोलायला लागतं. त्या आजोबांनी त्या दिवशी शुगरच्या गोळ्या अर्ध्याच घेतात हे सांगितलं, परवडत नव्हत्या म्हणून. कॅलेंडर देणाऱ्यांना ते कळणं शक्यच नव्हतं. ते उभ्या उभ्या आले नि गेले.

‘लोक डोक्यावर बसतात’ हे तू लिहिलंस, त्यावर मला जास्त बोलायचंय. नम्रता म्हणजे मार खाणं, असं कुणी शिकवलं असेल तर ते शुभवर्तमानातलं नाही. योहानाच्याच अठराव्या अध्यायात प्रमुख याजकापुढं शिपाई येशूला थोबाडीत मारतो. येशू गप्प बसत नाही. वाईट बोललो असेन तर दाखव, बरं बोललो असेन तर मारतोस का, असं तोंडावर विचारतो. प्रेषित पौलाचं बघ. फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात घातलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. त्याच फिलिप्पैच्या मंडळीला नंतर त्यानं लिहिलं की ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, तुमची वृत्ती तशी असू द्या. दोन्ही एकाच माणसाचं आहे.

म्हणून तुमच्या गटातला कुणी तुला रात्री अकराला फोन करून गाडी मागत असेल, दर वेळी तूच सतरंज्या उचलत असशील आणि दोघंतिघं नुसती माईकवर दिसत असतील, तर तसं स्पष्ट बोल. बोलल्यानं तुझी सेवा खराब होत नाही. एक गोष्ट मात्र मला कायम खटकत आलीय. नम्रतेचं प्रवचन आपल्याकडं ऐकावं लागतं ते बहुतेक आधीच खाली बसलेल्यांना. चर्च झाडायला कोण, सणाच्या जेवणाची भांडी घासायला कोण, मय्यताला खड्डा खणायला कोण, हे न सांगता ठरलेलं असतं. बायका आणि ठराविक घरं. धर्म बदलला, आडनावं बदलली, पण झाडू काही घरांच्या हातातून सुटला नाही. पाय धुवायला त्या रात्री गुरू उठला होता, शिष्यांना त्यानं कुणाला तरी उठायला सांगितलं नाही. तेव्हा पॅरिश कौन्सिलचे सभासद, शाळेचे मुख्याध्यापक, गल्फहून आलेले मोठे पाहुणे यांच्या नावानं आधी पाळी लाव. जी मावशी गेली कित्येक वर्षं भांडी घासतेय, तिला नम्रता शिकवायची काही गरज नाही. तिला पुढच्या बाकावर बसव. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हे आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू तिथं उभा राहा’, हा भेद करू नका.

आता मराठी-कन्नडचा हिशेब. सीमाभागात हे टळत नाही. घराच्या पाटीवरून, शाळेच्या माध्यमावरून, एसटीच्या बोर्डावरून भांडत आपण मोठे झालो, चर्चच्या दारात आलो म्हणून ते बाहेर राहत नाही. मिस्सा कुठल्या भाषेत, गायन कुठलं आधी, यावरून तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत. म्हणून तू प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय गटात वाचायला घे. यरुशलेममधल्या पहिल्यावहिल्या मंडळीत भांडण झालं ते नेमकं यावरूनच. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध केली. एका भाषेच्या म्हाताऱ्या बायकांना कमी मिळतंय, अशी तक्रार. म्हणजे आपली किटांची भानगड काही नवी नाही.

प्रेषितांनी काय केलं नाही ते आधी बघ. ‘ख्रिस्तात भाषा नसते’ असं म्हणून तक्रार दाबली नाही. तक्रार करणाऱ्यांना अहंकारी ठरवलं नाही. दोन्हीकडचे निम्मे-निम्मे घेऊन समितीही केली नाही, निदान नावांवरून तरी तसं दिसत नाही. सात माणसं निवडली: स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. सातही नावं ग्रीक आहेत, सातवा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात बाहेरून आलेला. ग्रीक नावं त्या काळी यहुद्यांतही असत, तेव्हा नुसत्या नावांवरून छातीठोक सांगता येणार नाही. पण पुष्कळ अभ्यासक तसंच वाचतात आणि मलाही ते पटतं: ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती सगळ्यांचं वाटप दिलं. इब्रीवाल्यांच्या विधवांचं जेवणसुद्धा. बहुसंख्याकांनी चावी काढून दिली. मंडळीतल्या नम्रतेचं याहून ठोस उदाहरण मला नव्या करारात सापडलेलं नाही, पाय धुण्याचं सोडून.

तुमच्या गटात मराठी मुलं जास्त असतील तर वाटपाची वही कन्नडवाल्यांकडं द्या. जिथं कन्नडवाले जास्त, तिथं त्यांनी मराठीवाल्यांकडं द्यावी. पहिले एक-दोन महिने जीव खालीवर होईल. होऊ दे.

आणि भाषेचा उपयोग भांडणापलीकडंही आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोकाक, चिकोडी, रामदुर्गाकडं घरं पडली, तेव्हा पंचनाम्यात पडझडीप्रमाणे ए, बी, सी अशी वर्गवारी होती आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली होती. कागद कन्नडमध्ये. कन्नड वाचता न येणाऱ्या मराठी घरातला कर्ता माणूस तो अर्ज हातात धरून नुसता बघत राहायचा. रेशन कार्ड, आधार, पासबुक भिजून लगदा झालेलं. त्या वेळी जुन्या साड्यांची गाठोडी ट्रकनं आली, काही फाटकी, काही अशी की नेसून दारात उभं राहायची लाज वाटावी. लोकांना त्यापेक्षा हवा होता तो अर्ज भरून देणारा आणि तलाठ्याकडं बरोबर येऊन बसणारा. ज्या ठिकाणी एखाद्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोरानं मराठी म्हातारीच्या दारात बसून अर्ज भरला, तिथं भाषेचं भांडण नंतरही फार टिकलं नाही. तुमच्या गटातल्या मराठी मुलाला कन्नड वाचता येत नसेल तर त्यानं मित्राला ‘मला येत नाही, शिकव’ म्हणणं हाही या सेवेतलाच भाग.

समोरच्याच्या पद्धतीनं राहण्याचं आपल्या जिल्ह्यातलं मोठं उदाहरण बैलहोंगलकडच्या देशनूरला आहे. लिंगायत वस्तीच्या त्या भागात जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी चर्चऐवजी लिंगायतांच्या विरक्त, म्हणजे संन्याशांच्या, मठाच्या धर्तीवर मठ उभारला, भगवी वस्त्रं घेतली, शाकाहार धरला. काहींना ते वेषांतर वाटतं, आणि ती शंका अगदीच खुळी नाही. नुसतं वस्त्र बदलून काही होत नाही हे खरंच. पण जेवणाचं ताट बदलणं, आयुष्यभर, हे नाटक म्हणून कुणी करत नाही.

शंकेचा विषय निघालाच तर तेही बोलून घेते, कारण आपल्याकडं सेवेला निघालेल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला ते ऐकावं लागतं: ‘बाटवायला आलात का?’ धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं तेही इथंच, बेळगावच्या सुवर्णविधानसौधात, डिसेंबर २०२१ मध्ये. तेव्हापासून लोक जास्त सावध झालेत, आपलेही आणि बाहेरचेही. माझा नियम कायद्याच्या आधीपासूनचा आहे. मदतीच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. प्रार्थना करू का, असं आपण होऊन दुसऱ्या धर्माच्या घरात विचारायचं नाही. त्यांनीच म्हटलं तर गोष्ट वेगळी, तेव्हाही छोटी आणि त्यांना कळेल अशी. लूकच्या दहाव्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी, यहुद्यांना परका माणूस, बघ: वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, सकाळी उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. जखमी माणसाला त्यानं काहीही विचारलं नाही, जातसुद्धा. कथा सांगणाऱ्यानंही त्या दोघांत एक शब्द बोलणं ठेवलेलं नाही. गळ लावलेली मदत समोरच्याला लगेच कळते, आणि एकदा कळली की त्या गल्लीत खरी मदतही पोचत नाही.

नाव आणि फोटो यांबद्दल. नाव घेतलं नाही की राग येतो, तो येणारच. त्यावर घरभेटी करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत एक जुनी युक्ती आहे. दर बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकानं हात आत घालायचा आणि मूठ उघडायची. कुणी किती टाकले कुणाला कळत नाही, आणि काहीच न टाकणाऱ्याचंही उघडं पडत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात डाव्या हाताला कळू नये म्हटलंय, त्याची ही रोजच्या वापरातली सोय. या संस्थेची सुरुवातही तुमच्यासारख्यांनीच केली: १८३३ साली पॅरिसमध्ये, फ्रेडरिक ओझानाम नावाचा विशीचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र. गरिबांच्या घरी जायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते रोझाली रांदू नावाच्या सिस्टरकडं गेले, जिला त्या वस्तीतलं घर नि घर माहीत होतं. तिनं पत्ते दिले आणि कसं वागायचं ते सांगितलं. कॉलेजात हुशार म्हणून नावाजलेली पोरं एका सिस्टरच्या हाताखाली गेली, म्हणून ते काम टिकलं.

फोटोबद्दल मी कडक आहे. घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो नाही, स्टेटसला नाही, पॅरिशच्या ग्रुपवरही नाही. देणगीदाराला हिशेब हवा तर पावती दाखव, रेशनच्या पोत्यांचा फोटो काढ. हातात किट घेऊन ओळीनं उभी केलेली माणसं उद्या त्याच बाजारात जाणार असतात.

सेवा घेण्याबद्दल थोडंच सांगते. आपल्यातले बरेच जण करायला पुढं आणि घ्यायला मागं. गरिबाच्या घरी बिनदुधाचा चहा आला तर पी. शुगरचं कारण असेल तर साखरेविना माग, पण ‘नको, आत्ताच झाला’ म्हणू नकोस. गावातल्या बाईनं वालाच्या शेंगा दिल्या तर पिशवी पुढं कर. फक्त देतच राहणारा माणूस हळूहळू मालक होत जातो.

आणि काम सोपवून देणं. अथणी, रायबाग, कुडचीकडचे लोक पिढ्यान्पिढ्या दवाखान्यासाठी मिरजेला जातात. तिथं डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानं १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं आणि तीनच वर्षांत, १८९७ मध्ये, इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात केली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार बायका-मुली आणल्या, तेव्हा नुसतं अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. त्याच बायकांच्या हातात छापखाना दिला, विणकाम दिलं, तेलाचा घाणा दिला. मिशनरी म्हटलं की वरून दान देणारा गोरा माणूस डोळ्यापुढं येतो, आणि तसेही पुष्कळ होऊन गेले. पण ज्यांचं काम उरलं त्यांनी आपली विद्या लवकर दुसऱ्याच्या हाती दिली. तुमच्या गटाचं काम तुझ्यावाचून अडत असेल, तर नाव न घेतल्याचा राग पुढंही येत राहील. अडेनासं कर. तुझ्या जागी कोण, हे याच वर्षी ठरव.

सुरुवात कुठून, असं शेवटी विचारलंयस. तीन-चार घरं घे, जास्त नको. दोघादोघांनी जा, एक मराठी एक कन्नड मिळाला तर उत्तम, आणि बाईमाणूस एकटं असेल तिथं जोडीत एक मुलगी हवीच. पहिल्या भेटीत हात रिकामे ठेवा. पिशवी दिसली की बोलणं पिशवीवरच येतं. खाली बसा, चटई असेल तर चटईवर. सुगी-पेरणीच्या दिवसांत सकाळी जाऊ नका, घरात कुणी नसतं आणि असलं तर आजारी असतं, त्याला तुमच्यासाठी उठावं लागतं. निघताना एवढंच विचारा, ‘पुन्हा कधी येऊ?’ नको म्हणाले तर जाऊ नका, तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा गेलात की ते सांगतात, हळूहळू, आधी दुसऱ्याच कुणाचं म्हणून आणि मग स्वतःचं. ऐकलेलं वहीत लिहायचं ते घराबाहेर पडल्यावर, तिथं बसून नाही, आणि पैशाचं काही असेल तर दोघांनी मिळून ठरवायचं, एकट्यानं कबूल करायचं नाही.

फादरांना मात्र आधीच सांगून ठेव की पहिले दोन-तीन महिने पॅरिशच्या अहवालात लिहिण्यासारखं तुमच्याकडं काही नसेल.